विवेकाचे व्रत : गोपाळ गणेश आगरकर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या भूमीत अनेक थोर पुरुष होऊन गेले. कोणी शाळा काढल्या, कोणी वृत्तपत्रे चालविली, कोणी परकीय सत्तेशी झुंज दिली. गोपाळ गणेश आगरकर यांनीही शाळा काढली, वृत्तपत्र चालविले आणि तुरुंगवासही भोगला. तथापि त्यांचे खरे कार्य याहून निराळे होते. समाजाने काय मानावे, हे सांगणारे पुष्कळ असतात. एखादी गोष्ट मानण्यासाठी पुढे केलेले कारण खरोखर कारण आहे की नुसता कारणाचा भास आहे, हे पारखावयास शिकविणारे विरळा. आगरकर हे त्या विरळा पुरुषांपैकी होत. अवघ्या ३८ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी हे व्रत घेतले आणि त्याची किंमतही मोजली.

जन्म आणि शिक्षण

गोपाळरावांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. कऱ्हाड येथे आजोळी राहून त्यांनी आरंभीचे शिक्षण घेतले. पुढील शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून कोवळ्या वयातच त्यांना कारकुनीसारखी कामे करावी लागली. शिक्षणाच्या ओढीने ते रत्नागिरीपर्यंत पायी गेले. पण तेथेही जम बसला नाही. अखेर वऱ्हाडात अकोला येथे नातेवाइकांच्या आश्रयाने राहून ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथे अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी पुन्हा तोच घालावा लागे, असे सांगतात. अशा स्थितीत १८७८ साली ते बी.ए. झाले आणि पुढे इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम.ए. झाले. एम.ए.च्या अभ्यासाच्या दिवसांत आपल्या मातोश्रींना पत्र लिहून त्यांनी कळविले होते, की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा तिने ठेवू नये. पोटापुरत्या मिळकतीत समाधान मानून उरलेला वेळ तो परहितासाठी वेचणार आहे.

तो काळ मोठा धामधुमीचा होता. आपल्या पनवेलजवळच्या शिरढोण गावी जन्मलेले आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्यावर १८७९ साली पुण्यातच खटला चालला. त्याच वर्षी डेक्कन कॉलेजात गोपाळराव आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक हे दोन समवयस्क तरुण देशाच्या भवितव्याविषयी रात्र रात्र चर्चा करीत होते. देश उभा करावयाचा तर शिक्षण हेच साधन, या निर्णयाप्रत दोघेही आले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. एम.ए. होताच आगरकर त्या शाळेत रुजू झाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. या दोन्ही संस्थांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

कोल्हापूर प्रकरणाचा धडा

४ जानेवारी १८८१ रोजी केसरीचा पहिला अंक निघाला. त्याचे पहिले संपादक आगरकर होते. थोड्याच महिन्यांत कोल्हापूरचे प्रकरण उद्भवले. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत असून त्यामागे संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा लोकप्रवाद होता. त्याला पुष्टी देणारी काही पत्रे केसरी आणि मराठा यांच्या चालकांपुढे आली. ती आणून देणारी माणसे विश्वासाची वाटली, मजकूर मनातील संशयाशी जुळणारा होता आणि महाराजांविषयीचा कळवळा तर खराच होता. त्यांच्या आधाराने मजकूर छापला गेला. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी क्षमायाचनाही केली. परंतु १८८२ च्या जुलै महिन्यात दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली.

या प्रकरणाने दोन्ही तरुणांची लोकप्रियता वाढली, हे खरे. परंतु विचार करणाऱ्यास यात एक निराळा बोध आहे. महाराजांविषयी वाटणारी कणव अस्थानी नव्हती. १८८३ साली अहमदनगर येथे इंग्रज रक्षकाशी झालेल्या झटापटीत त्यांचा दुर्दैवी अंत झाला. पण कळवळा खरा असला म्हणून कागद खरा ठरत नाही. आपल्या मनाजोगे सांगणारा साक्षीदार आपल्याला नेहमीच अधिक विश्वासू वाटतो आणि त्याची उलटतपासणी करावी असे सुचतही नाही. दुसऱ्याच्या युक्तिवादातील खोट चटकन दिसते. आपल्या बाजूची खोट दिसण्यास मात्र कधी कधी न्यायालय गाठावे लागते. विवेकाचा हा पहिला पाठ होता आणि तो आगरकरांना अगदी तरुण वयात, भर दरबारी मिळाला.

दोन मित्र, दोन मार्ग

तुरुंगातून सुटल्यावर काही वर्षांतच दोघा मित्रांमधील मतभेद तीव्र होत गेले. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, असा प्रश्न त्या काळी सर्वत्र विचारला जाई. सामाजिक प्रश्न काढून समाजात फूट पाडू नये, स्वराज्य मिळाल्यावर घरातील दुरुस्ती करता येईल, असे टिळकपक्षाचे म्हणणे होते. आगरकरांना हा प्रश्नच सदोष वाटे. दोहोंपैकी एकच निवडले पाहिजे, असे कोठे ठरले आहे? दोन्ही कामे बरोबरीने चालू शकतात, अशी त्यांची भूमिका होती.

व्यवहारातही असा प्रसंग वारंवार येतो. मंदिराचा जीर्णोद्धार की मुलांसाठी वसतिगृह, असा प्रश्न सभेत निघतो आणि घटकाभरात दोन तट पडतात. निधी खरोखरच एकाच कामापुरता आहे काय, हे प्रथम कोणी पाहत नाही. दोनच वाटा आहेत असे गृहीत धरून वाद घालणे, हा तर्कातील एक नेहमीचा दोष होय. त्याचे उत्तर दोहोंपैकी एक वाट धरणे हे नव्हे. तिसरी वाट खरोखर नाही काय, हे विचारणे होय.

१८८७ साली आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी सुधारक हे स्वतंत्र साप्ताहिक सुरू केले. मराठी बाजू ते स्वतः लिहीत आणि इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत.

सुधारकातील तर्कपरीक्षा

सुधारकाच्या स्तंभांतून आगरकरांनी बालविवाह, विधवांचे केशवपन, सोवळे-ओवळे, प्रेतसंस्कार, स्त्रीशिक्षण, इतकेच काय पण स्त्रीपुरुषांचा पोशाख, अशा सर्व विषयांची चिकित्सा केली. वस्त्र कसे असावे, हे ठरविताना हवामान, सोय आणि शरीराचे रक्षण पाहावे. केवळ आजी नेसत आली म्हणून नातीने तसेच नेसले पाहिजे असे नाही, अशी त्यांची विचारसरणी होती. मिल्ल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर खोल संस्कार झाला होता. मिल्लच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात तर तर्कदोषांची चर्चा करणारा एक स्वतंत्र खंडच आहे.

परंतु ही विद्या काही केवळ पश्चिमेकडून आलेली नव्हे. भारतीय न्यायशास्त्रात सदोष कारणाला हेत्वाभास म्हणतात. म्हणजे दिसावयास हेतू, वस्तुतः हेतूचा आभास. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात प्रमाणमीमांसेत हेत्वाभासाचे तीन प्रकार मानले आहेत : असिद्ध, विरुद्ध आणि अनैकांतिक. पेढीवरील उदाहरणांनी ते सहज समजतात. गठ्ठ्यावर गिरणीचा शिक्का आहे म्हणून माल अस्सल, असे म्हणावे आणि शिक्काच बनावट निघावा. येथे कारणच खरे नाही, म्हणून ते असिद्ध. रोज नवा भाव सांगावा आणि त्यावरूनच आपला भाव पक्का असल्याचे म्हणावे. येथे कारण उलटेच सिद्ध करते, म्हणून ते विरुद्ध. कापड महाग आहे म्हणून टिकाऊ आहे, असे म्हणावे. पण महाग कापडांत टिकणारेही असते आणि विटणारेही. जे कारण दोन्ही पक्षी आढळते त्यावरून काहीच ठरत नाही, म्हणून ते अनैकांतिक.

या कसोट्या लावून पाहिल्यास आगरकरांचे लेखन लख्ख उलगडते. कोल्हापूरची पत्रे हे असिद्ध कारण होते. रूढी जुनी आहे म्हणून चांगली आहे, हा त्यांच्या विरोधकांचा आवडता युक्तिवाद अनैकांतिक होता. कारण जुन्यांत हितकर प्रथा जशा आहेत तशाच घातकही आहेत. हाच न्याय उलट बाजूनेही लागतो. नवीन आहे म्हणून चांगले, हेही तितकेच पोकळ. पुष्कळ लोक मानतात म्हणून खरे, हेही त्याच जातीचे. ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावर आगरकरांचे समाधान होत नसे. सुधारणेला शास्त्राचा आधार शोधून काढणाऱ्या न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या वडीलधाऱ्या सुधारकांची रीतही त्यांना पटत नसे. ज्या वचनाने आज सोयीचे उत्तर मिळाले, त्याच ग्रंथातील दुसऱ्या वचनाने उद्या गैरसोयीचे उत्तर मिळेल, मग काय करावयाचे, हा खरा प्रश्न होता.

संमतिवयाचा वाद

या सर्व विचारांची कसोटी १८९० आणि १८९१ या वर्षांत लागली. त्या वेळच्या कायद्यानुसार पतीला पत्नीशी संबंध ठेवण्यास पत्नीच्या वयाची मर्यादा अवघी १० वर्षांची होती. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध चळवळ चालविली होती. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी प्रौढ पतीच्या संबंधामुळे मरण पावली. तिने दहा वर्षे ओलांडलेली असल्याने पतीवर मुख्य गुन्हा शाबीत होऊ शकला नाही. यानंतर ही मर्यादा १२ वर्षे करण्याचे विधेयक जानेवारी १८९१ मध्ये मांडले गेले आणि देशभर वादळ उठले.

या वादात जे युक्तिवाद झाले, ते आजही घरोघरी, सभासभांतून ऐकू येतात; म्हणून ते ओळखून ठेवण्याजोगे आहेत. मलबारी हे पारशी आहेत, त्यांना हिंदूंच्या घरात डोकावण्याचा अधिकार काय, असे विचारले गेले. येथे प्रश्न मुलीच्या जिवाचा होता. उत्तर मात्र बोलणाऱ्याच्या जातीवर घसरले. सांगणारा कोण आहे, यावरून सांगितलेले खरे की खोटे हे ठरत नाही. आज सरकारने या गोष्टीत हात घातला तर उद्या सारा धर्मच सरकारच्या ताब्यात जाईल, असेही भय घातले गेले. एका पावलातून पुढची दहा पावले अपरिहार्यपणे पडतातच, हे दाखविल्याशिवाय अशा भीतीला प्रमाण मानता येत नाही. मुलीच्या रक्षणासाठीच तिचे लग्न लवकर करावयाचे, असेही सांगितले जाई. पण ज्या प्रथेत मुलीचाच जीव जातो, तिचे समर्थन मुलीच्या रक्षणाने करणे, हे विरुद्ध हेत्वाभासाचे विदारक उदाहरण होय.

तथापि दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. टिळकांनी विधेयकास विरोध केला, एवढ्यावरून ते बालविवाहाचे पुरस्कर्ते ठरत नाहीत. मुलींचे लग्न १६ आणि मुलांचे २० वर्षांपूर्वी करू नये, असा स्वेच्छेने पाळावयाचा नियम त्यांनी स्वतःच १८९० साली सुचविला होता. परकीय सरकारने कायद्याने समाज सुधारावा काय, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता आणि तो विचारार्ह होता. प्रतिपक्षाचे म्हणणे आहे त्याहून वाईट करून मांडावयाचे आणि मग ते खोडून काढावयाचे, हाही एक तर्कदोषच आहे. कोणती गोष्ट योग्य, हा एक प्रश्न आणि ती कोणी करावी, हा दुसरा. त्या काळच्या गदारोळात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळून गेले. समाज आपण होऊन जे करीत नाही ते कायद्याने करावे लागले तरी हरकत नाही, कारण तोपर्यंत मुलींचे बळी थांबत नाहीत, ही आगरकरांची भूमिका होती. १९ मार्च १८९१ रोजी विधेयक संमत झाले.

जिवंतपणी प्रेतयात्रा

आगरकरांच्या लेखांना युक्तिवादाने उत्तर देणे ज्यांना जमले नाही, त्यांनी निराळा मार्ग पत्करला. त्यांच्यावर शिव्याशापांचा वर्षाव झाला. पुण्यातील सनातनी मंडळींनी तर ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागली. बोलणाऱ्याचा मुद्दा खोडता येत नसेल तर बोलणाऱ्यालाच मेला असे समजावयाचे, व्यक्तीवर घसरण्याचा याहून अधिक उघड नमुना सापडणे कठीण. मिरवणूक निघाली, गर्दीही जमली. पण त्यांच्या एकाही मुद्द्याचे उत्तर त्यातून मिळाले नाही.

आगरकरांची लेखणीही सौम्य नव्हती, हे मान्य केले पाहिजे. केसरी आणि सुधारक यांच्यातील वादाला पुढे पुढे व्यक्तिगत कटुतेची धार आली आणि एकेकाळी एकाच कोठडीत राहिलेले मित्र दुरावले. शब्दांचे शस्त्र हाती असले की ते कोठे थांबवावे, याचे भान थोरांचेही सुटते. घरात मात्र त्यांचे वर्तन निराळे होते. पत्नी यशोदाबाई धर्मनिष्ठ होत्या. आपली मते गोपाळरावांनी त्यांच्यावर लादली नाहीत. त्यांच्या व्रतवैकल्यांना आडकाठी केली नाही. मत पटवून द्यावयाचे असते, ते बळाने गळी उतरवावयाचे नसते, हे त्यांनी घरी आचरून दाखविले.

आपल्या न्यायपरंपरेत चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा तो वाद. येनकेन प्रकारेण जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. स्वतःचा काही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडीत राहणे ती वितंडा. शब्दाचा अर्थ मुद्दाम फिरविणे याला छल म्हणतात. त्याचे शास्त्रातील उदाहरण वस्त्राचेच आहे. नव या संस्कृत शब्दाचे नवीन आणि नऊ असे दोन अर्थ होतात. एखाद्याने नवे कांबळे पांघरले आहे असे कोणी म्हणावे आणि दुसऱ्याने उठून विचारावे, की नऊ कांबळी कोठे आहेत, येथे तर एकच दिसते! हेमचंद्राचार्यांनी छलादिकांनी मिळविलेल्या जयाला मान्यता दिली नाही. चर्चा ती वादच, असे त्यांनी ठरविले. प्रत्येक कथन एका विशिष्ट दृष्टिकोनातून, म्हणजे नयातून केलेले असते, हे ज्याला उमगले, त्याला प्रतिपक्षाचे म्हणणे वाकवून मांडण्याची गरज वाटत नाही. अनेकांत म्हणजे सर्वांचेच खरे असे म्हणून मोकळे होणे नव्हे; कोणाचे किती आणि कोणत्या अपेक्षेने खरे, हे कष्टपूर्वक तपासणे होय.

अखेरचे दिवस

वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याचा विकार जुनाच होता. त्यात अपार कष्टांची भर पडली. प्रकृती ढासळत असतानाही अध्यापन आणि सुधारकाचे लेखन त्यांनी शक्य तोवर सोडले नाही. १७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्यास २७ दिवस बाकी होते. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यापुरते पैसे त्यांनी आधीच पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. ज्या टिळकांशी त्यांचा इतका कडवा संघर्ष झाला, त्यांना केसरीसाठी मृत्युलेख लिहिताना अश्रू आवरेनात, अशीही आठवण सांगितली जाते. मतभेद कितीही मोठे असले तरी माणूस मतापेक्षा मोठा असतो, याची जाणीव दोघांच्याही अंतःकरणात शिल्लक होती.

ज्या सुधारणांसाठी त्यांनी अपमान सोसला, त्यांपैकी बहुतेक आज घरोघरी रुळल्या आहेत. मुली शिकतात, मिळवत्या होतात. विवाहासाठी मुलीचे वय कायद्यानेच किमान १८ वर्षे ठरलेले आहे. त्या प्रश्नांचा निकाल लागला; पण वाद करण्याच्या सदोष रीती मात्र तशाच आहेत. कावळा बसावा आणि फांदी मोडावी, तशा योगायोगाला आजही कारण समजले जाते. दुकानात, घरात, संस्थेच्या सभेत आजही मुद्दा सोडून माणसावर बोट रोखले जाते, जुन्याचा दाखला पुराव्याऐवजी दिला जातो आणि दोन वाटांच्या कैचीत सज्जनांना पकडले जाते. अशा वेळी कोणी शांतपणे विचारावे, की हे कारण खरे आहे काय, ते हेच सिद्ध करते काय, आणि हेच कारण उलट पक्षीही लागू पडत नाही काय. हे तीन प्रश्न प्रथम आपल्या स्वतःच्या म्हणण्याला विचारावेत आणि मग दुसऱ्याच्या. टेंभूच्या त्या निर्धन, निर्भय पुरुषाच्या स्मृतीस याहून योग्य अभिवादन दुसरे नाही.